चेला, वस्ताद आणि निष्ठेचा हिशेब : रॉन बरॅसी यांची कारकीर्द

ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी इअन टर्नर नावाचे कामगार चळवळीचे एक इतिहासकार होऊन गेले. कामगार संघटनांचा इतिहास हा त्यांचा अभ्यासाचा विषय; आणि दरसाल एकदा ते फुटबॉलवर व्याख्यान देत. त्या व्याख्यानाला त्यांनी नाव दिले होते 'रॉन बरॅसी स्मृति-व्याख्यान'. यातली गंमत अशी की, ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान, ते बरॅसी तेव्हा चांगले हयात होते, ऐन उमेदीत होते आणि दर शनिवारी मैदानाच्या कडेला उभे राहून आपल्या खेळाडूंवर ओरडत होते! १९७८ च्या व्याख्यानात टर्नर यांनी ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक कल्पित रेघ ओढली. रेघेच्या एका अंगाला रग्बी खेळणारे प्रांत, म्हणजे क्वीन्सलंड व न्यू साउथ वेल्सचा बहुतेक भाग. दुसऱ्या अंगाला ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल खेळणारे व्हिक्टोरिया, टास्मानिया, दक्षिण व पश्चिम ऑस्ट्रेलिया. तिला त्यांनी 'बरॅसी रेषा' म्हटले. थट्टेत दिलेले ते नाव पुढे तिकडच्या लोकांच्या तोंडी कायमचे बसले.

एखाद्या खेळाडूच्या नावाने देशाची वाटणी सांगितली जावी, असे त्या माणसाने केले तरी काय? त्याची कारकीर्द आपण पाहूच. पण व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे हा विषय ठेवण्याचे माझे कारण थोडे निराळे आहे. पुष्कळ वर्षे कामगारांच्या संघटनेत घालवलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट वाचताना एक प्रश्न चाळवल्याशिवाय राहत नाही : यात काम कुणी केले, मोल कुणी ठरवले आणि निष्ठा कुणी कुणाकडून मागितली? बरॅसी यांच्या आयुष्यात हा प्रश्न फार स्पष्टपणे उभा राहतो. ज्या घराने वाढवले, ज्या वस्तादाने घडवले, त्याला सोडून माणूस दुसरीकडे गेला तर तो कृतघ्न ठरतो काय? आपल्याकडे कारखान्यापासून कचेरीपर्यंत हा प्रश्न रोज निघतो. त्याचे उत्तर एका चांगल्या उदाहरणावरून शोधावे, एवढाच माझा हेतू.

खेळ आणि त्याचे मूळ

आधी खेळ समजून घेऊ. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याहून हा वेगळा. मैदान क्रिकेटचे, म्हणजे लंबवर्तुळाकार. चेंडूही लांबट, अंड्याच्या आकाराचा. दोन्ही बाजूंना अठरा अठरा गडी. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार चार उंच खांब रोवलेले असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला तर गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला तर 'बिहाइंड', त्याचा एकच गुण. चेंडू हातात घेऊन पळता येते, मात्र थोड्या थोड्या अंतरावर तो जमिनीवर टेकवावा किंवा आपटावा लागतो. फेकता मात्र येत नाही. जवळच्या गड्याला द्यायचा तर एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो; याला 'हँडबॉल' म्हणतात. लाथेने उडालेला चेंडू कुणी अधांतरी स्वच्छ झेलला तर त्याला 'मार्क' मिळतो, म्हणजे निर्वेध लाथ मारण्याचा हक्क. त्यामुळे गडी एकमेकांच्या खांद्यावर गुडघे टेकून उंच उडी घेतात, आणि तो देखावा पाहायला लाख लाख लोक जमतात.

या खेळाचे नियम मेलबर्न क्लबाच्या सभासदांनी १८५९ च्या मे महिन्यात लिहून काढले. त्याच्या तीनच वर्षे आधी, २१ एप्रिल १८५६ रोजी, त्याच शहरातल्या पाथरवटांनी व इतर बांधकाम-कामगारांनी काम थांबवून मोर्चा काढला होता, आणि पगार कापून न घेता आठ तासांचा दिवस मिळवला होता. पुढे हळूहळू शनिवारच्या अर्ध्या सुटीची चाल पडली. ज्याला शनिवारी दुपारी मोकळीक मिळते तोच मैदानावर जाऊ शकतो. तेव्हा खेळ जरी सुखवस्तू मंडळींनी मांडला असला, तरी तो शहराचा झाला तो कामगाराने मिळवलेल्या फुरसतीमुळे. कॉलिंगवुड, कार्लटन, नॉर्थ मेलबर्न, रिचमंड ही सगळी शहरातल्या वस्त्यांची नावे आणि तीच क्लबांची नावे. १८९७ पासून अशा क्लबांची 'व्हिक्टोरियन फुटबॉल लीग' सुरू झाली. अंतिम सामना मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर होई. हे तेच मैदान, जिथे १८७७ साली क्रिकेटचा पहिला कसोटी सामना झाला आणि जिथे २०२० च्या डिसेंबरात आपल्या अजिंक्य रहाणे यांनी कर्णधार म्हणून शतक ठोकून सामना जिंकून दिला.

पोरका मुलगा आणि त्याचा वस्ताद

रॉन बरॅसी यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९३६ रोजी व्हिक्टोरियातल्या कॅसलमेन गावी झाला. वडिलांचे नावही रॉनच. ते मेलबर्न क्लबाचे खेळाडू. १९४० साली क्लबाने अजिंक्यपद मिळवले त्या संघात ते होते. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९४१ रोजी, लिबियात तोब्रुकच्या वेढ्यात ते मारले गेले. मुलगा पाच वर्षांचा होता. क्लबातल्या सोबत्यांनी त्या विधवेकडे व मुलाकडे पाठ फिरवली नाही. त्या सोबत्यांपैकी एक होते नॉर्म स्मिथ.

हे स्मिथ १९५२ साली मेलबर्नचे प्रशिक्षक झाले. रॉनच्या आईने पुढे दुसरे लग्न केले व ती टास्मानियाला राहावयास गेली. मुलाला फुटबॉल सोडवेना. तेव्हा स्मिथ पतिपत्नीने त्याला आपल्याकडे ठेवून घेतले. घराच्या परसातल्या एका खोलीत तो राहू लागला. आता लीगच्या नियमाप्रमाणे खेळाडू ज्या वस्तीत राहतो त्या वस्तीच्या क्लबाला बांधलेला असे. त्या हिशेबाने हा मुलगा मेलबर्नला मिळणे कठीण होते. बापाने ज्या क्लबासाठी पुरेसे सामने खेळले असतील त्या क्लबाकडे मुलाला जाता यावे, असा नियम व्हावा म्हणून मेलबर्नने खटपट केली, आणि त्या नियमाचा लाभ ज्यांना सर्वांत आधी मिळाला त्यांत हा रॉन होता. १९५३ साली तो मेलबर्नकडून उतरला. पाठीवरचा आकडा ३१. तोच आकडा बापाच्या पाठीवर होता.

पहिल्या वर्षी त्याची नीट जागाच लागेना. अगदी उंच गड्यांत घालावा तर उंची कमी, चपळ लहान गड्यांत घालावा तर अंग भरदार. दुसरा कुणी वस्ताद असता तर म्हणाला असता, हा कुठल्याच कामाचा नाही. स्मिथ यांनी कामच नवे शोधले. उंच गडी झेप घेऊन चेंडू खाली पाडील, आणि त्याच्याबरोबर मैदानभर फिरून हा तो उचलील, अंगाने रेटा देईल, पुढे नेईल. या जागेला 'रक-रोव्हर' म्हणू लागले, आणि पुढे प्रत्येक क्लबाला असा एक गडी ठेवावा लागला. माणसाला साच्यात कोंबण्यापेक्षा माणूस पाहून साचा बनवणे, हे चांगल्या उस्ताद कारागिराचे लक्षण होय.

घरात बापासारखे असलेले स्मिथ मैदानावर मात्र रॉनशी इतरांहून अधिक कडक वागत. आपला म्हणून सूट दिली असे कुणी म्हणू नये, हा त्यांचा बाणा. या शिस्तीत मेलबर्नने १९५५, १९५६, १९५७, १९५९, १९६० व १९६४ अशी सहा अजिंक्यपदे मिळवली, आणि सहाही वेळा बरॅसी संघात होते. शेवटच्या दोन वेळा कर्णधार. मधल्या १९५८ च्या अंतिम सामन्यात मात्र कॉलिंगवुडने त्यांना डिवचून डिवचून झटापटीत गुंतवले आणि सामना नेला. रागाने खेळणारा माणूस समोरच्याच्या हातचे बाहुले होतो, हा धडा त्यांना तिथे मिळाला. स्वभावातला राग मात्र गेला नाही. तो पुढे प्रशिक्षकाच्या कामात आला, कधी उपयोगी आणि कधी अडचणीचा.

सोडपत्राचे बंधन

आता आपण मोलाच्या प्रश्नाकडे येऊ. त्या काळी या खेळावर कुणाचे पोट चालत नसे. आठवडाभर नोकरीधंदा, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना, असा क्रम. १९३० साली, मंदीच्या तोंडावर, लीगने एक नियम केला होता : सामन्यामागे खेळाडूला तीन पौंडांहून अधिक देऊ नये, आणि क्लब बदलण्यासाठी एकरकमी पैसा देऊ नये. हा नियम सुचवणाऱ्याच्या नावावरून त्याला 'कूल्टर लॉ' म्हणत. आकडा पुढे वाढत गेला, पण तत्त्व राहिले. दुसरे बंधन सोडपत्राचे. आपल्या क्लबाने सोडपत्र दिल्याखेरीज खेळाडूला दुसऱ्या क्लबाकडून उतरता येत नसे. म्हणजे मोलाला वरून छत आणि दाराला बाहेरून कडी!

क्लब श्रीमंत होऊ नयेत व सामने अटीतटीचे व्हावेत म्हणून ही बंधने आहेत, असे लीगचे म्हणणे. त्यात तथ्य नव्हते असे नाही. सगळे चांगले गडी एकाच क्लबाने विकत घेतले तर खेळ संपलाच. पण दरवाजावर फी घेऊन हजारो प्रेक्षक आत सोडायचे, आणि ज्याला पाहायला ते आले त्याने मात्र तीन पौंडांत निष्ठा दाखवायची, या व्यवहारात पारडे कुणाकडे झुकते हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

१९६४ चा डिसेंबर

१९६४ चे अजिंक्यपद मिळाल्यावर थोड्याच महिन्यांत कार्लटन क्लबाने बरॅसी यांना बोलावणे धाडले. कार्लटन एके काळचा बलाढ्य क्लब. पण १९४७ नंतर त्याला अजिंक्यपद नव्हते, आणि १९६४ साली तो बारांत दहावा आला होता. जॉर्ज हॅरिस या दंतवैद्याने क्लबाची सूत्रे नुकतीच हाती घेतली होती. त्यांनी बरॅसी यांना कर्णधार व प्रशिक्षक असे दोन्ही पद एकत्र देऊ केले, आणि मोबदला असा देऊ केला की त्या काळच्या मानाने लोकांनी तोंडात बोट घातले.

ही बातमी स्मिथ यांना कळली तेव्हा त्यांनी आपली प्रशिक्षकाची जागा बरॅसी यांच्यासाठी सोडण्याची तयारी दाखवली. बरॅसी यांनी ते स्वीकारले नाही. वस्तादाला उठवून त्याच्या गादीवर बसणे त्यांच्या मनाला पटेना. आणि त्याच्या छायेत राहून आपली स्वतःची उंची कधीच कळणार नाही, हेही त्यांना दिसत होते. ते कार्लटनला गेले.

मेलबर्नच्या चाहत्यांवर जणू आकाश कोसळले. पाठीवर ३१ चा आकडा शिवून हिंडणारी शेकडो मुले होती. त्यांपैकी कित्येकांनी तो उसवून टाकला असे सांगतात. मोठ्या माणसांनी तर विश्वासघात हाच शब्द वापरला. ज्या क्लबाने बापाच्या मागे सांभाळले, ज्याच्यासाठी नियम बदलून घेतला, त्याला पैशासाठी सोडले! सकृद्दर्शनी हा आक्षेप फार जोरदार वाटतो.

पण पुढे काय झाले ते पाहावे. स्मिथ क्लबाशी पुरेपूर एकनिष्ठ राहिले. सहा अजिंक्यपदे मिळवून दिलेल्या या माणसाला १९६५ च्या जुलै महिन्यात, एका शुक्रवारी संध्याकाळी, घरी निरोप्याकरवी एक पत्र आले : आपल्याला प्रशिक्षकपदावरून दूर केले आहे. समोर बोलावणे नाही, कारण सांगणे नाही. लोकांत एवढा गहजब झाला की आठवड्याच्या आत कार्यकारी मंडळाला त्यांना परत घ्यावे लागले. त्यांचा एकच सामना चुकला. पण काच एकदा तडकली ती तडकली. १९६७ अखेर स्मिथ तिथून निघाले. १९७३ साली ते वारले. मेलबर्न क्लबाला पुढचे अजिंक्यपद मिळावयास २०२१ साल उजाडले, म्हणजे मध्ये ५७ वर्षे गेली. १९७९ पासून अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला जे पदक देतात त्याला नॉर्म स्मिथ यांचे नाव आहे. क्लबाने निरोप्याच्या हाती दिलेल्या पत्राची भरपाई लीगने पदकाने केली म्हणा ना!

गेलेल्याला विश्वासघातकी म्हणणारी संस्था राहिलेल्याला असे वागवते. सगळ्याच संस्था अशा असतात असे मी म्हणत नाही. पण निष्ठा जेव्हा एकाच बाजूने मागितली जाते तेव्हा तिला वेठ हाच शब्द योग्य आहे.

मध्यंतरातील वीस मिनिटे

कार्लटनला बरॅसी यांनी काय केले? पहिली गोष्ट, सरावाची शिस्त लावली. वेळेवर येणे, अंग पिळून काढणे, चूक झाली की तीच गोष्ट पुन्हा करणे. १९६८ साली कार्लटनने एसेंडनला तीन गुणांनी हरवून २१ वर्षांनी अजिंक्यपद मिळवले. त्या सामन्यात हरणाऱ्यांचे गोल आठ होते आणि जिंकणाऱ्यांचे सात. एकेक गुणाचे 'बिहाइंड' साठवून सामना नेला.

पण त्यांचे नाव ज्याने अजरामर झाले तो सामना २६ सप्टेंबर १९७० चा. कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड. मैदानात १,२१,६९६ प्रेक्षक. तो गर्दीचा विक्रम त्या खेळात पुढे मोडला गेला नाही. मध्यंतराला कॉलिंगवुड ४४ गुणांनी पुढे. एवढी पिछाडी भरून काढून अंतिम सामना जिंकल्याचे कुणी पाहिले नव्हते. खोलीत शिरताना बरॅसी आता आग पाखडतील असे सर्वांना वाटले असेल. त्यांनी आज्ञा केली ती साधी होती : चेंडू हातात आला की थांबू नका, मागे सरकून लाथ मारू नका, हँडबॉल करा, जवळच्याला द्या, पळा, पुन्हा घ्या. धोका पत्करा.

त्या काळी हँडबॉल ही अडचणीत सापडलेल्या गड्याने करावयाची गोष्ट समजली जाई. तिचे हत्यार करावे हा विचार काही त्या दिवशी आभाळातून पडला नव्हता. नॉर्म स्मिथ यांचे थोरले बंधू लेन स्मिथ हेही प्रशिक्षक होते. वेगाने खेळावे, हँडबॉलने चेंडू फिरता ठेवावा, या मताचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. त्यांची टिपणे पुढच्या पिढीच्या प्रशिक्षकांत हातोहात फिरली. म्हणजे एका घरातली विद्या दुसऱ्या क्लबात फळाला आली. विद्येला कुंपण घालता येत नाही, ते असे.

दुसरा निर्णय एका माणसाबद्दल होता. टेड हॉपकिन्स हा गडी बाकावर बसून होता. तेव्हा दोनच राखीव गडी असत, आणि एकदा बाहेर काढलेला गडी पुन्हा आत घेता येत नसे. गिरणीच्या भाषेत सांगायचे तर हा बदली कामगार. बरॅसी यांनी त्याला आत घातले आणि त्याने चार गोल केले. शेवटी कार्लटन १११, कॉलिंगवुड १०१. त्याच सामन्यात अलेक्स जेसॉलेंको यांनी प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर चढून जो चेंडू झेलला त्याचे चित्र ऑस्ट्रेलियात घरोघर माहीत आहे. हा गडी निर्वासित कुटुंबातला, ऑस्ट्रियात जन्मलेला. खुद्द बरॅसी यांचे पूर्वजही स्वित्झर्लंडच्या इटालियन भागातून आलेले. परदेशी नावांना नाक मुरडणाऱ्या जमान्यात मैदानावर या नावांचा जयघोष झाला, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९७० च्या त्या दिवसापासून आधुनिक फुटबॉल सुरू झाला असे पुष्कळ म्हणतात. एका दिवसात युग बदलत नसते. पण लोकांना बदल दिसला तो त्या दिवशी, हे खरे.

उघडलेले दार

१९७१ नंतर बरॅसी कार्लटनमधून निघाले आणि १९७३ साली नॉर्थ मेलबर्नला गेले. ही वस्ती कामकऱ्यांची, कत्तलखान्यांची. क्लब १८६९ चा, १९२५ पासून लीगमध्ये. पण अजिंक्यपद एकही नाही. १९७२ साली तो तळाला होता. इथे सोडपत्राच्या प्रश्नाला एक वळण मिळाले. एका क्लबात दहा वर्षे काढलेल्या खेळाडूला सोडपत्राशिवाय कुठेही जाता यावे, असा नियम लीगने १९७२ साली केला. नॉर्थने ताबडतोब तीन अनुभवी गडी आणले : जीलाँगचे डग वेड, साउथ मेलबर्नचे जॉन रँटल आणि एसेंडनचे बॅरी डेव्हिस. दार उघडलेले पाहताच लीगने घाईघाईने १९७३ साली ते पुन्हा लावले. पण आलेले आले होते. बॅरी डेव्हिस यांच्याच कप्तानीखाली नॉर्थने १९७५ साली हॉथॉर्नला ५५ गुणांनी हरवून पहिले अजिंक्यपद घेतले.

आणि १९७३ च्याच अखेरीला खेळाडूंनी आपली संघटना उभी केली. एसेंडनचे जेफ प्रायर तिचे पहिले अध्यक्ष. माझ्या मते त्या दशकातली ही घटना कुठल्याही अजिंक्यपदाहून लहान नाही. एकट्या बरॅसींना १९६४ साली जाता आले, कारण ते बरॅसी होते. साध्या गड्याला कोण विचारतो? त्याला संघटनाच हवी. पुढे १९८३ साली सिल्व्हियो फॉस्किनी या तरुण खेळाडूच्या खटल्यात व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, लीगचे हे नियम म्हणजे माणसाच्या धंद्याच्या स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन होय. मग लीगला नवी घडी बसवावी लागली : क्लबाने पगारावर एकूण किती खर्च करावा याची मर्यादा, आणि नवे गडी निवडताना दुबळ्या क्लबाला पहिली संधी. बलाढ्य व दुबळे यांचा तोल राखण्याचा जुना हेतू राहिला, पण त्याचा सगळा भार एकट्या खेळाडूच्या माथी मारायचे बंद झाले.

१९७७ चा अंतिम सामना विसरून चालणार नाही. तीन चतुर्थांश वेळ संपली तेव्हा कॉलिंगवुड २७ गुणांनी पुढे होते. बरॅसी यांनी मागच्या फळीतले डेव्हिड डेंच व डॅरिल सटन हे गडी उचलून पुढे नेले, आणि सामना ७६ विरुद्ध ७६ असा बरोबरीत सुटला. आठवड्याने पुन्हा खेळला तेव्हा नॉर्थने २७ गुणांनीच जिंकला. १९७४ ते १९७८ पाचही वर्षे हा एके काळचा तळचा क्लब अंतिम सामन्यात होता.

ओरडण्याची मर्यादा

आता दुसरी बाजू. बरॅसी यांची जीभ फार तिखट होती. चुकलेल्या गड्याला सर्वांसमक्ष सोलून काढायची त्यांची पद्धत. काही गडी त्याने पेटून उठत, काही आतून मिटून जात. मी कामगारांत वावरलेला माणूस. मुकादमाच्या शिवीने उत्पादन वाढते हे मत मी कधीच मानलेले नाही. मग बरॅसी यशस्वी का झाले? मला कारण असे दिसते की ते स्वतःला वगळत नसत. कार्लटनच्या पहिल्या वर्षांत ते स्वतः मैदानात उतरून तोच घाम गाळीत होते. जो बरोबर राबतो त्याचा शब्द माणसे सोसतात. पण वय वाढते, खेळाडू व प्रशिक्षक यांत अंतर पडते, आणि मग तोच शब्द सत्तेचा होतो.

१९८१ साली ते मेलबर्नला परतले. सोळा वर्षांपूर्वी ज्याला घरभेदी म्हटले त्यालाच आता तारणहार म्हणून बोलावले! पहिल्या वर्षी क्लबाने एकच सामना जिंकला. पाच वर्षांत एकदाही अंतिम फेऱ्यांत जाता आले नाही. जुनी जादू चालली नाही. मात्र या पाच वर्षांत एक बी पेरले गेले. आयर्लंडचा राष्ट्रीय फुटबॉल या खेळाशी मिळताजुळता आहे. तेव्हा तिकडची पोरे आणून शिकवावीत, असा उपक्रम क्लबाने केला. त्यात १९८४ साली डब्लिनचा जिम स्टाइन्स आला. आरंभी तो इतका कच्चा होता की लोक हसत. त्याने १९९१ साली लीगचे सर्वोच्च मानाचे ब्राउनलो पदक मिळवले. बरॅसी तेव्हा प्रशिक्षक नव्हते. पेरणारा व कापणारा एकच असतो असे नाही. शिक्षकाला हे सोसावे लागते.

शेवटचे काम सिडनीचे. सिडनी म्हणजे 'बरॅसी रेषे'च्या पलीकडचे, रग्बीचे शहर. तिथला स्वान्स क्लब बुडीत निघाला होता; लागोपाठ २६ सामने हरला. १९९३ साली, ५७ वर्षांच्या बरॅसींना तिथे पाठवले. अजिंक्यपद मिळवण्याची गोष्ट नव्हती, क्लब जिवंत ठेवावयाचा होता. त्यांनी तीन वर्षे तो जिवंत ठेवला. ते निघाल्यावर पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, स्वान्स अंतिम सामन्यात पोहोचले. आपल्या नावाची रेघ त्यांनीच थोडी पुसली म्हणायचे.

१६ सप्टेंबर २०२३ रोजी, ८७ व्या वर्षी, ते वारले. २५४ सामने, खेळाडू म्हणून सहा व प्रशिक्षक म्हणून चार अजिंक्यपदे, आणि मेलबर्नच्या मैदानाबाहेर एक पुतळा, एवढी नोंद मागे राहिली. ज्या क्लबाला सोडले त्या मेलबर्नचे २०२१ चे अजिंक्यपद पाहावयास ते हयात होते.

हिशेब

तर आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. माणूस जिथे वाढला त्याचे त्याच्यावर ऋण असते हे मला मान्य आहे. पण ऋणांचे प्रकार असतात, आणि एकाचे व्याज दुसऱ्याच्या खात्यावर लिहून घेणे हा सावकारी कावा आहे. संस्थेचे ऋण आपण तिथे असेपर्यंत चोख काम करून फिटते. बरॅसी यांनी मेलबर्नला २०४ सामने व सहा अजिंक्यपदे दिली. तो हिशेब चुकता झाला होता. वस्तादाचे ऋण मात्र तसे फिटत नाही. ते पैशाने फिटत नाही, आणि जन्मभर त्याच उंबऱ्यावर बसूनही फिटत नाही. ते विद्या पुढे दिल्याने फिटते. स्मिथ यांनी एका पोरक्या मुलाला परसातल्या खोलीत ठेवून जे शिकवले, ते कार्लटनला, नॉर्थ मेलबर्नला, सिडनीला गेले. रॉन मेलबर्नच्याच दारात राहिला असता तर ते कदाचित तिथल्या तिथेच राहिले असते.

आपल्याकडे तरुण कारागीर एक कारखाना सोडून दुसरीकडे निघाला, शिकाऊ वकील गुरूपासून वेगळा झाला, शिक्षक गाव सोडून गेला, की आपण चटकन 'खाल्ल्या मिठाला जागला नाही' म्हणतो. पुढल्या वेळी हा शब्द तोंडी येईल तेव्हा दोन गोष्टी विचाराव्यात. असेपर्यंत त्याने काम चोख केले काय? आणि गेल्यावर शिकलेले त्याने दुसऱ्याला दिले काय? दोन्हींचे उत्तर होय असेल, तर त्याच्याकडे कुणाचे काही येणे उरलेले नाही. उलट त्या संस्थेनेच आपल्या वह्या तपासाव्यात. एकनिष्ठ राहिलेल्या कुणाला तिने निरोप्याच्या हाती पत्र तर धाडले नाही ना, ते पाहावे.